आवळा कँडी की दोडक्याच्या शिरांची चटणी: पौष्टिक काय?

तुमचा प्रश्न असा: आठ वर्षांच्या मुलाला व्हिटॅमिन सी मिळावं म्हणून डब्यात आवळा कँडी देता, सासूबाई म्हणतात त्यापेक्षा दोडक्याच्या शिरांची चटणी द्या. खरं कोणाचं?

दोन्ही माझ्या घरी होतात, म्हणून सांगते. दर थंडीत मी दोन किलो आवळ्यांची कँडी करते. वाफवलेल्या फोडी साखरेत घातल्या की पहिल्या दिवशी पाकावर तरंगतात, तिसऱ्या दिवशी तळाला बसतात. फोडी खाली बसल्या म्हणजे कँडी मुरली असं आपण म्हणतो. होतं काय, तर फोडीतलं पाणी बाहेर येतं आणि साखर आत जाते. पाण्यासोबत विरघळणारं व्हिटॅमिन सीही बाहेर पडतं. उरलेला पाक चाखून बघा, किती आंबट लागतो! मी तो टाकत नाही, सरबताला वापरते. पुढे वाळवताना आणखी काही सी जातं.

म्हणून ताज्या आवळ्याचे आकडे कँडीला लावू नका. जुन्या तक्त्यांत 100 ग्रॅम आवळ्यात 600 मिलिग्रॅम सी लिहिलेलं असायचं, राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यात ते 250 च्या आसपास आहे. त्यातलं कँडीत किती उरतं ते करण्यावर अवलंबून. साखरेचं मात्र नक्की सांगता येतं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2011 च्या नियमावलीत पाकवलेल्या फळांत किमान 70 टक्के साखर हवी असं आहे. म्हणजे 20 ग्रॅम कँडीत सुमारे 14 ग्रॅम, चहाचे तीन चमचे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालासुद्धा दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम म्हणते, आणि तुमचा मुलगा आठ वर्षांचा. सीच हवं असेल तर पेरू द्या. त्याच्या 100 ग्रॅममध्ये 200 मिलिग्रॅमच्या पुढे असतं आणि या वयाची दिवसाची गरज 50 च्या आत आहे.

आता शिरा. सासूबाईंना दुखवायचं नाही, पण नुसत्या सालीत फार काही नसतं. दोडका म्हणजे बहुतेक पाणीच, सालीत त्याहून थोडा जास्त चोथा. पोट साफ राहायला तो उपयोगी, एवढंच. चटणीला खरा कस येतो तो तीळ, दाणे आणि सुक्या खोबऱ्यामुळे. बिनसडीच्या तिळात 100 ग्रॅममागे हजार मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. सगळं अंगी लागत नाही, तरी चमचाभर तीळही काही कमी नाहीत. त्यामुळे साल थोडी आणि तीळ सढळ असं प्रमाण ठेवा, मुलासाठी मिरची कमी. वरून लिंबू पिळलं तर चटणीतलं लोहही जास्त शोषलं जातं. तेल मात्र बेताने, शिरा कुरकुरीत करायच्या नादात कढईत किती जातं ते कळत नाही.

रोजच्या डब्यात माझं मत चटणीला. कँडी गोळी-चॉकलेटाऐवजी एखाददुसरी फोड, औषध समजून मूठभर नको.

शिरा काढण्याआधी दोडके नीट धुवा आणि प्रत्येकाची एक चकती चाखून बघा. कडू लागला तर अख्खा दोडका टाका, चटणीतही नको आणि भाजीतही. तो कडूपणा शिजवून किंवा तिखटमीठ घालून जात नाही आणि त्याने उलट्या-जुलाब होतात.