क्लचचं पेडल तळाला जातंय, बॉनेटखालच्या डबीतलं क्लचचं ऑइल उतरतंय, पण गाडीखाली डागच नाही. मग ऑइल जातंय कुठे?

तुम्ही लिहिलंय की पेडल एका दाबात तळाला जातं, दोन-तीनदा मारलं की पुन्हा वर येतं. पहिला आणि रिव्हर्स गिअर अडून पडतात, डबी आठवड्यात बोटभर उतरते आणि गॅरेजवाला क्लच प्लेट बदला म्हणतो. प्लेटला तूर्त हात लावू देऊ नका. प्लेट झिजली की नेमकं उलटं होतं. गिअर सुखात पडतो, पण रेस दिल्यावर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढत नाही आणि चढावर जळका वास येतो. पंप केल्यावर परत येणारं पेडल म्हणजे ऑइल कमी झालंय किंवा लाइनमध्ये हवा शिरलीय.

हे मी पैसे घालवून शिकलोय. चार वर्षांपूर्वी, ऐन जुलैत, सायनला सिग्नलवर माझा पहिला गिअर पडेना. मागून हॉर्न, समोर टॅक्सी, मी पेडल मारतोय. कसाबसा मुलुंडला पोचलो. एका गॅरेजने गिअरबॉक्स उतरवून पूर्ण क्लच सेट बदलला. दहा दिवसांत पुन्हा तेच. त्या दहा दिवसांत एक गोष्ट रोज घडत होती: बूट पेडलवरून सटकायचा. मी पावसाला शिव्या देत होतो. शेवटी एका रविवारी ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी मॅट उचलली, तर खालचं कार्पेट ओलं. बोट लावलं तर पाण्यासारखं नाही, बुळबुळीत. मोबाइलचा टॉर्च घेऊन, मान वाकडी करून पेडलच्या वर बघितलं. पेडलचा दांडा ज्या सिलिंडरमध्ये जातो तिथून एक ओघळ आला होता आणि ब्रॅकेटचा रंग पापड भाजावा तसा फुगला होता. क्लचच्या डबीतही ब्रेक ऑइलच असतं आणि ते रंग खातं, त्यामुळे सोललेला रंग हा पक्का पुरावा धरा. पेडल दाबल्यावर ऑइल पाइपात ढकलणाऱ्या वरच्या, म्हणजे मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं होतं. ऑइल गाडीच्या आत पडत होतं, मग पार्किंगमध्ये डाग कुठून दिसणार?

म्हणून तुम्हीही आधी मॅट उचला. तिथे कोरडं असेल तर बॉनेट उघडून सिलिंडर ते गिअरबॉक्स अशी पाइपची वाट धरा. जोड आणि रबरी होस कोरड्या फडक्याने पुसा, कुणाला तरी पेडल पाच-सहा वेळा मारायला सांगा आणि पुन्हा पुसून बघा. मग गिअरबॉक्सवरचा, त्या ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा खालचा, म्हणजे स्लेव्ह सिलिंडर. त्याचं रबरी बूट थोडं उचला. आत ओलं असेल तर सील गेलं. बाहेरून चिखल बसलेला असतो, त्यावर जाऊ नका.

काही गाड्यांत खालचा सिलिंडर बाहेर दिसतच नाही. तो बेअरिंगसकट बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या कवचाच्या आत असतो. तो गळला की ऑइल आधी आत साठतं आणि नंतर इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडातून खाली उतरतं. त्याखाली प्लास्टिकचं कव्हर असेल तर त्यातच राहतं. या एकाच बाबतीत गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि प्लेटवर ऑइल पडलं असेल तर तेव्हा प्लेटही बदला. म्हणजे तुमचा गॅरेजवाला योगायोगाने बरोबरही ठरू शकतो, पण गळती दाखवल्याशिवाय नाही.

पावसाळ्यात फरशीवरचा डाग फसवतो. इंजिन ऑइल पाण्यावर इंद्रधनुष्यासारखं पसरतं, ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून वाहून जातं. याचाच उपयोग करा: रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका आणि सकाळी मिळालेला थेंब वाटीभर पाण्यात सोडा. तरंगला तर इंजिनचं किंवा गिअरचं ऑइल, विरघळला तर ब्रेक ऑइल असण्याची शक्यता. कूलंटही विरघळतो, पण त्याला बहुधा हिरवा किंवा गुलाबी रंग असतो. एसीचं पाणी म्हणजे नुसतं पाणी.

डबी उतरत नसती तर मी दुसऱ्या दिशेला गेलो असतो. मास्टरच्या आतलं सील झिजलं की ऑइल बाहेर न येता आतल्या आत मागे फिरतं. अशी गाडी सिग्नलला पेडल पूर्ण दाबलेलं असतानाही अर्ध्या मिनिटात पुढे सरकू बघते. तुमची डबी उतरतेय, म्हणजे ऑइल बाहेर पडतंयच.

आणि हे गंभीरपणे घ्या: बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकची डबी एकच असते. क्लचची नळी वरच्या बाजूला असते, त्यामुळे क्लच आधी बोंबलतो आणि ब्रेकपुरतं ऑइल मागे राहतं. पण गळती ब्रेकच्या बाजूने नाही हे कुणी पाहिलंय? चारही चाकांच्या आतल्या बाजू बघून घ्या. तोवर घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी घालू नका.

दुरुस्तीत फार काही नाही. सुटं सील किट मिळालं तरी सिलिंडरच्या आत ओरखडे असतील तर ते टिकत नाही, पूर्ण सिलिंडरच घ्या. सुटा भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधणार असाल तर जुना सोबत न्या, दिसायला सारखे असतात आणि बसत नाहीत. ऑइल झाकणावर लिहिलेलंच, बहुतेक डॉट 3 किंवा डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल, आणि नवी सीलबंद बाटली; उघडी बाटली हवेतला ओलावा पिते, आणि आपल्याकडे ओलाव्याला काय तोटा! नंतर लाइनमधली हवा काढताना निपलला (खालच्या सिलिंडरवरच्या हवा सोडायच्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावायला सांगा आणि स्वतः उभे राहा. बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढणं थांबवू देऊ नका. माझ्या वेळी पोराने तीनदा पेडल मारून ‘झालं साहेब’ म्हटलं होतं, नळीत अजून फेस होता.