टॉम फोर्डचा 'टोबॅको व्हॅनिल' परफ्यूम गोव्याच्या दमट हवेत नवरा-बायको दोघांना चालेल का?

दोघांनाही चालेल, पण ऋतू बघून. 2007 साली आलेल्या या परफ्यूममध्ये तंबाखूचं पान, व्हॅनिला, टोंका बी (व्हॅनिलासारख्या गोड वासाची बी), कोको, सुकी फळं आणि मसाले आहेत. सिगारेटच्या धुराचा वास मुळीच नाही. मला तर बेबिंकेतलं (गोव्याच्या थरांच्या गोड पदार्थातलं) जायफळ आठवतं, आणि तेच मला फार आवडतं. उकाड्यात मात्र गंध भराभर उडतो, गोडवा अंगावर येतो. मे महिन्यात पणजी-म्हापसा बसमध्ये एक फवारासुद्धा शेजारच्याला जड होईल. डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी एक फवारा, तोही कपड्याखाली छातीवर. महाग आहे, तेव्हा आधी छोटी सॅम्पल बाटली घ्या. दुकानातल्या कागदाच्या पट्टीवरच्या वासाला भुलू नका. दोघांनी आपापल्या मनगटावर लावून चार तासांनी हुंगा.