पाण्यात चालणारा हेडफोन आणि न चालणारी पॉलिसी

प्रश्न: सर, माझं वय ३६. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत नोकरी, हातात महिना ६८ हजार येतात. पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅट आहे, हप्ता २४ हजार, कर्ज २६ लाख शिल्लक. पत्नी गृहिणी, मुलगी चार वर्षांची. गोव्याची आयर्नमॅन ७०.३ (पोहणं, सायकल, धावणं अशी सलग शर्यत) करायची आहे. सकाळी गोल्फ क्लबला रनिंग आणि आठवड्यातून तीन दिवस सावरकर तलावावर स्विमिंग चालू आहे. दोन्हीकडे चालेल असा बोन कंडक्शन (आवाज हाडातून पोचवणारा) हेडफोन हवा आहे. एक १८ हजारांचा आहे, धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा आयपी ६८. दुसरा ९ हजारांचा, आयपी ६७, त्यावरही वॉटरप्रूफ लिहिलंय. ९ हजार वाचवावेत का? म्युझिकवर पोहलं की वेळ बराच कमी होतो असं ग्रुपमधले सांगतात. दिवाळीला ४० हजार बोनस येईल. १८ चा घेतला तर उरलेले २२ पॉलिसीला घालीन. तिचा एक लाखाचा हप्ता पुढच्या महिन्यात आहे, बाकीचे ७८ हजार क्रेडिट कार्डवर ईएमआय करीन. ही पॉलिसी तीन वर्षांपूर्वी होम लोनच्या वेळी बँकेतल्या सरांनी कर्जाला संरक्षण म्हणून दिली. दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी २२ लाख गॅरंटीड, टॅक्सही वाचतो. टर्म इन्शुरन्स (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) घेतला नाही, कारण त्यात काहीच परत मिळत नाही. पॉलिसीचे कागद सोबत जोडले आहेत.

उत्तर: आधी हेडफोनचं उरकू, ते सोपं आहे. ९ हजारांचा घेऊ नका.

आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवला तरी आत पाणी शिरत नाही. ही चाचणी स्थिर पाण्यातली असते. तुम्ही तलावात हात मारत, भिंतीला ढकलत तास-तासभर असणार. आयपी ६८ ला खोली आणि वेळ कंपनी स्वतः जाहीर करते, म्हणून तो आकडा खोक्यावर शोधून वाचायचा. शॉक्झ या हेडफोन कंपनीचंच उदाहरण घ्या. त्यांचा धावण्यासाठीचा ओपनरन आयपी ६७ आहे, त्याहून महाग ओपनरन प्रो आयपी ५५, आणि पोहण्यासाठीचा ओपनस्विम प्रो आयपी ६८. म्हणजे जास्त पैसे मोजले की पाण्यात चालतो असंही नाही.

दुसरं कारण याहून मोठं, आणि ते दुकानदार सहसा सांगत नाही. ब्लूटूथ पाण्यात चालत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं, डोकं पाण्यात गेलं की काठावरच्या फोनचा संबंध तुटला. पोहताना गाणी ऐकायची तर ती हेडफोनच्याच मेमरीत एमपी३ म्हणून भरलेली हवीत. गाण्यांच्या ॲपवर ‘डाउनलोड’ केलेली गाणी तिथे जात नाहीत, फाइल तुमच्या मालकीची लागते. ९ हजारांच्यात मेमरी नसेल तर तो तलावात कानामागचा नुसता पट्टा. मग महिन्याभरात पोहण्यासाठी दुसरा घ्याल आणि वाचवलेले ९ तिथे जातील.

एमजी रोडवर घेणार असाल तर एक करून बघा. हेडफोन लावा, गाणं सुरू करा आणि बोटांनी दोन्ही कान बंद करा. खरा बोन कंडक्शन असेल तर आवाज तसाच राहतो, उलट जरा भरदार होतो. आवाज दबला तर तो कानासमोर लटकवलेला छोटा स्पीकर आहे. ‘बोन कंडक्शन’ लिहून असे स्पीकर ऑनलाइन ढिगाने विकले जातात. तलावात इअरप्लग घातल्यावर आवाज सुधारतो तो कान असे बंद झाल्यानेच. रस्त्यावर मात्र कान उघडे ठेवा, त्र्यंबक रोडला मागून येणारी बस ऐकू यावी हाच तर याचा खरा फायदा. आणि हाडातून जातो म्हणून कानाला धोका नाही हा गैरसमज सोडा, आवाज शेवटी कानाच्या आतल्या त्याच कॉक्लिआपर्यंत (ऐकण्याच्या शंखापर्यंत) पोचतो. ट्रॅफिकवर मात करायला व्हॉल्यूम चढवत नेलात तर नुकसान तेच.

वेळ कमी होण्याचं म्हणाल, तर तो श्वास आणि हाताच्या फेकीने कमी होतो. लांब, कंटाळवाण्या लॅप्सना सोबत म्हणून हेडफोन ठीक आहे. शर्यतीत तो चालणारच नाही. आयर्नमॅनच्या शर्यतीत हेडफोनला बंदी आहे, समुद्रातले १.९ किलोमीटर, सायकलचे ९० आणि धावण्याचे २१.१, सगळे त्याच्याविनाच. तेव्हा आठवड्यातला एक तरी दिवस शांततेत पोहा, आणि तलावावर लावू देतात का हे आधी विचारून घ्या.

आता ती पॉलिसी. हेडफोनमधला आयपी ६७ आणि ६८ चा फरक तुम्ही शोधून काढलात. वर्षाला एक लाख ज्यात जातात त्या पॉलिसीचं दुसरं पान मात्र वाचलेलं दिसत नाही.

त्या पानावर गृहीत धरलेल्या परताव्याचे दोन रकाने आहेत, एक ४ टक्क्यांचा, एक ८ टक्क्यांचा. ते दोन्ही छापावेच लागतात, नियमच आहे. तुमचे २२ लाख ८ टक्क्यांखाली आहेत. ४ टक्क्यांखाली १३ लाख आहेत. खाली बारीक अक्षरात हमी आहे ती फक्त विमा रकमेची, म्हणजे १० लाखांची. बाकीचा सगळा कंपनीच्या नफ्यातला बोनस, झाला तर झाला. बँकेतल्या सरांनी उजवा रकाना दाखवला आणि डावा बोटाखाली झाकला.

बरं, २२ मिळालेच असं धरू. दहा वर्षांत दहा लाख भरून विसाव्या वर्षी २२ लाख म्हणजे वर्षाला जेमतेम ५ टक्के. १३ मिळाले तर पावणेदोन टक्के. तेवढेच एक-एक लाख तुम्ही पोस्टात जाऊन पीपीएफमध्ये भरले असते आणि सध्याचा ७.१ टक्के दर टिकला असता, तर विसाव्या वर्षी आकडा २९ लाखांच्या पुढे गेला असता. आठ टक्क्यांच्या रकान्याखाली पाच टक्के हाती कसे येतात? रकान्यातला दर हा कंपनीच्या गुंतवणुकीवर गृहीत धरलेला आहे. कमिशन, खर्च आणि विम्याची किंमत त्यातून आधी जाते.

टॅक्स. नव्या कर प्रणालीत विमा हप्त्यावरची ८०सीची वजावट नाहीच. २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तिथे कर शून्य आहे, पगारदाराला प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा. तुमच्या पगारावर कर लागतच नाही, तो वाचवायला एक लाख कशाला?

पण माझा खरा संताप यावर नाही. कमी परतावा हे दुखणं सोसता येतं. ‘कर्जाला संरक्षण’ या तीन वर्षांपूर्वीच्या वाक्यावर आहे. कर्ज २६ लाख. विमा १० लाख. उद्या तुम्हाला काही झालं (पहाटे अंधारात मुंबई-आग्रा हायवेवरून सायकल मारणाऱ्या माणसाला हे स्पष्ट बोललेलं बरं) तर विम्याची सगळी रक्कम बँकेत भरूनही तुमच्या पत्नीच्या डोक्यावर १६ लाख उरतात. उत्पन्न शून्य, मुलगी चार वर्षांची. वर्षाला एक लाख भरून तुम्ही त्यांच्यासाठी इतकीच सोय केली आहे. कर्ज मिळवायला पॉलिसी घ्यावीच लागते असा कुठला नियम नाही, हेही त्या टेबलावर कुणी सांगितलं नसणार.

२६ लाख कर्ज, घरखर्च महिना २५ हजार धरला तर वर्षाला तीन लाख, वीस वर्षांचे साठ, वर मुलीचं शिक्षण. एक कोटीच्या खाली हिशेब बसत नाही. तुमच्या वयाच्या, तंबाखू-सिगारेट नसलेल्या माणसाला साठीपर्यंतचा एक कोटीचा टर्म विमा वर्षाला साधारण १२ ते १६ हजारांत मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला आहे. त्यात काही परत मिळत नाही, खरंय. लाखाच्या जागी १५ हजार भरलेत तर दरसाल ८५ हजार तुमच्याकडेच राहतात, ते काय कमी परत मिळणं आहे? ‘प्रीमियम परत’ देणारी टर्म कुणी पुढे केली तर तीही नको. जादा हप्ता घेऊन तुमचेच पैसे बिनव्याजी परत करण्याचा तो धंदा आहे.

फॉर्मवर तंबाखूचं खरं लिहा. एजंट ‘नाही’ वर टिक करून मोकळा होतो, दाव्याच्या वेळी पत्नीला उत्तरं द्यावी लागतात. आणि पॉलिसी विवाहित स्त्री संपत्ती कायदा १८७४ खाली घ्या. फॉर्ममध्ये एक वेगळा रकाना असतो, तो भरला की ते पैसे पत्नी आणि मुलीचे, कर्जदात्याला त्याला हात लावता येत नाही. हे घेतानाच करायचं, नंतर होत नाही.

जुन्या पॉलिसीचं काय? मोडली तर फार हाती येत नाही. ऑक्टोबर २०२४ च्या आधीच्या अशा पॉलिसीत तीन हप्त्यांनंतर किमान ३५ टक्क्यांची हमी असते, म्हणजे तुमच्या तीन लाखांचे एक लाख पाच हजार. दुसरा रस्ता पेडअपचा. पुढचे हप्ते बंद, विमा रक्कम दहातली तीन, म्हणजे तीन लाख, आणि आजवर जमा झालेला बोनस, मुदत संपल्यावर. मी पेडअप करा म्हणेन. आजचे एक लाख सतरा वर्षांनी तीन लाखांवर जातात, हा दर वाईट नाही.

पॉलिसीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. जुने तीन लाख विसरून, पेडअपवर नाहीतरी मिळणारी रक्कम वजा करून फक्त पुढच्या सात लाखांचा हिशेब केला, तर ८ च्या रकान्यात तुम्हाला सात टक्क्यांच्या आसपास मिळतात, कारण मोठे खर्च पहिल्या वर्षांतच कापून झाले. ४ च्या रकान्यात तेच सव्वादोन. म्हणजे हिचा सर्वांत चांगला दिवस पीपीएफच्या रोजच्या दिवसाइतका. त्यासाठी वर्षाला एक लाख अडकवून बिनविम्याचं राहायचं कारण मला दिसत नाही. ती कार्डवर भरायची तर विषयच संपला. ७८ हजारांचा वर्षभराचा ईएमआय १५-१६ टक्क्यांनी केला की व्याज आणि त्यावरचा जीएसटी मिळून सात-आठ हजार जातात. सात टक्क्यांच्या आशेवर सोळाने कर्ज! हेडफोनवर ‘नो कॉस्ट ईएमआय’ दाखवतील, त्यातही प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी तुमच्याच खिशातून जातो.

क्रम चुकवू नका. आधी टर्मचा अर्ज, मेडिकल, आणि पॉलिसीचा कागद हातात. मगच जुनी पेडअप. उलट केलंत तर मधल्या काळात तुमच्यावर तीन लाखांचाच विमा असेल. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांचा ग्रेस (सवलतीचा काळ) असतो, तेवढ्यात हे बसतं, मात्र अर्ज याच आठवड्यात करा.

बोनसचे ४० हजार: १५ टर्मला, उरले २५. त्यातून १८ चा हेडफोन घ्या, रोख, टर्मचा कागद आल्यानंतर. रोज पहाटे उठून मेहनत करणाऱ्या माणसाला मी तेवढ्यावरून टोकणार नाही. आणि ७८ हजारांच्या ईएमआयचे महिना सात हजार नाहीतरी तुम्ही भरणारच होतात. तेच सात हजार आता आवर्ती ठेवीत टाका, दीड लाख होईपर्यंत. घरखर्च आणि हप्ता मिळून महिना ४९ हजार, म्हणजे नोकरीचं काही झालं तर तीन महिने निघतील. त्यानंतर तेच पीपीएफ आणि इंडेक्स फंडात (शेअर निर्देशांकाबरोबर चालणाऱ्या म्युच्युअल फंडात) निम्मे-निम्मे. आरोग्य विम्याबद्दल पत्रात अक्षर नाही. फक्त कंपनीचा असेल तर तो नोकरीबरोबर जातो, कुटुंबाचा वेगळा बघा.

फसवणुकीची तक्रारही करा. ‘२२ लाख गॅरंटीड’ असा व्हॉट्सॲप मेसेज किंवा ईमेल असेल तर तो जपून ठेवा. आधी विमा कंपनीकडे लेखी, मग विमा नियामक आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर, तिथेही समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे. फी नाही, वकील लागत नाही. तीन वर्षं उलटली आहेत, त्यामुळे सगळे पैसे परत येतील अशी आशा धरू नका, पण मेसेज असेल तर तक्रार वाया जाणार नाही.

पेडअपचा अर्ज शाखेत द्या आणि शिक्का मारलेली पोच घ्या. त्यानंतर फोन सुरू होतील: पॉलिसी लॅप्स होतेय, बोनस अडकलाय, अमुक भरलंत तर लगेच सुटेल. काही फोन बँकेतून येतील, काही चक्क भामट्यांचे. दोघांनाही ईमेलवर लेखी पाठवायला सांगा आणि फोनवर पॉलिसी नंबर सांगू नका.