नाक झोंबलं म्हणून स्प्रे ठेवून देऊ नका

प्रश्न: डॉक्टर, आम्ही न्यू जर्सीला असतो. माझ्या मिस्टरांना २२ वर्षं झाली, दिवसाला सिगरेटचं एक पाकीट लागतं. लेकीने हट्ट धरला म्हणून आता सोडायचं मनावर घेतलंय, इथल्या डॉक्टरांनी निकोटिनचा नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला. पहिल्याच दिवशी शिंकांवर शिंका, डोळ्यांतून घळाघळा पाणी, बाटली बेसिनवर ठेवली आणि गॅरेजमधे जाऊन सिगरेट पेटवली! त्यांना हे औषध सोसत नाही का? आणि एक सोडताना दुसरंच व्यसन लागलं तर?

उत्तर: ताई, ती बाटली आधी परत त्यांच्या हातात द्या. नाकात तिखटाची पूड गेल्यासारखं झोंबणं, शिंका, नाक गळणं हे सुरुवातीला बहुतेक सगळ्यांनाच होतं आणि साधारण आठवडाभरात पुष्कळ कमी होतं. माझी खात्री आहे की ते सर्दीच्या स्प्रेसारखा जोरात ओढून घेत असणार. तसं अजिबात करायचं नाही. आधी नाक शिंकरून मोकळं करायचं, मान जराशी मागे, श्वास तोंडाने, आणि दोन्ही नाकपुड्यांत एकेकदा दाबायचं, मग दोन-तीन मिनिटं नाक शिंकरायचं नाही. शिंका येत असतील तर लगेच गाडी चालवायला बसू नका म्हणावं.

हे दोन फवारे म्हणजे एक डोस, त्यात १ मिलिग्रॅम निकोटिन. सुरुवातीला तासाला एक-दोन डोस, पण तासाला ५ आणि दिवसाला ४० च्या वर कधीच नाही. खूप जण घाबरून दिवसाला तीन-चारदाच घेतात आणि मग तलफ काही आवरत नाही, निदान ८ तरी घ्यायलाच हवेत. आणि स्प्रे चालू असताना सिगरेट पूर्ण बंद, गॅरेजमधली एखादीसुद्धा नको.

व्यसनाची तुमची भीती खोटी नाही. निकोटिनचं च्युइंगम किंवा कातडीवर चिकटवायची पट्टी यांच्यापेक्षा हा स्प्रे लवकर चढतो, म्हणून तर तलफ पटकन शमते, पण म्हणूनच काही जणांना याचीही सवय लागते. त्यामुळे साधारण ८ आठवडे, मग हळूहळू कमी करत एकूण तीन महिन्यांत बंद. तरी सिगरेटमधला टार आणि कार्बन मोनॉक्साइड यात नाही, हा फरक फार मोठा आहे.

त्यांना दमा किंवा सायनसचा जुना त्रास आहे का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. असेल तर पुढचा फवारा मारायच्या आधी तिथल्या डॉक्टरांना फोन करा. आणि बाटली बेसिनवर नको हो, लेकीच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा, रिकामी झाली तरीसुद्धा.