आजचं स्पेलिंग आधी बाजूला ठेव

गावाच्या नावाचं मूळ शोधायला इंग्लंडमधल्या शहराचं ‘यॉर्क’ हे नाव निवडलंस ते बरं केलंस, पण सुरुवात उलट्या टोकाने झाली. आजच्या स्पेलिंगवरून अर्थ काढायला बसलं की वाट्टेल ते सुचतं. आधी वही घे. डावीकडे साल, उजवीकडे त्या सालचं रूप, एकही अक्षर न सुधारता.

रोमन काळात हे ‘एबोराकुम’. मूळ शब्द केल्टिक, म्हणजे रोमनांच्या आधीपासून तिथे राहणाऱ्यांच्या भाषेतला, बहुधा ‘यू’ या सूचिपर्णी झाडाचा. मग समुद्रापलीकडून अँग्लो-सॅक्सन टोळ्यांचे लोक आले. त्यांना ते नाव परकं, पण त्यांच्या भाषेत ‘एओफोर’ म्हणजे रानडुक्कर. झालं! नाव ‘एओफोरविक’ बनलं, झाडाचं डुक्कर झालं. न कळणाऱ्या नावाला लोक ओळखीचा शब्द चिकटवतात, तेव्हा तिथे रानडुकरं होती का, हे शोधत बसू नकोस. ८६६ मध्ये व्हायकिंगांनी शहर घेतलं, त्यांच्या तोंडी ते ‘योरविक’. तेच झिजून यॉर्क.

१०८६ च्या डूम्सडे बुकातली (इंग्लंडमधल्या जमिनींच्या पाहणीची वही) नोंद टिपच, पण लिहिणारे नॉर्मन राजवटीचे कारकून. इंग्रजी नावं ते आपल्या वळणाने लिहीत. एकट्या त्या नोंदीवर भिस्त नको. इंग्लिश प्लेस-नेम सोसायटीचे स्थलनामांवरचे काउंटीवार (जिल्हावार) खंड सोबत ठेव.

आणि ‘विक’ दिसला की लगेच तो व्हायकिंगांच्या भाषेतला, खाडी या अर्थाचा शब्द म्हणू नकोस (मीही म्हणायचो). सॅक्सन ‘विक’ लॅटिन ‘विकुस’वरून आलेला, वस्ती या अर्थाचा.

जुनं रूप मेलेलं नाही बरं का: यॉर्कचे आर्चबिशप आजही सही करताना ‘एबोर’ लिहितात.