इकॉनॉमिक, इकॉनॉमिकल आणि फायनान्शियल यात फरक काय?

तुम्ही विचारलंय की इकॉनॉमिक म्हणजे आर्थिक आणि फायनान्शियल म्हणजेही आर्थिकच, मग दोन शब्द कशाला. घोळ होणारच, कारण मराठीत दोन्हीकडे आपण आर्थिक लिहून मोकळे होतो.

फायनान्शियल म्हणजे सरळ पैशाचं. कर्ज, व्याज, शेअर्स, खात्यातली शिल्लक वगैरे. इकॉनॉमिकचा आवाका खूप मोठा आहे, लोक काय पिकवतात, काय बनवतात, कोणाला काम मिळतं आणि कोणाच्या वाट्याला काय येतं हे सगळं त्यात आलं, पैसा हा त्यातला एक भाग झाला. मूळ ग्रीक शब्दातही ओइकोस म्हणजे घर, म्हणजे घराची सगळी व्यवस्था बघणं, नुसती तिजोरी नाही.

2008 साली काय झालं ते बघा. आधी कर्जं बुडायला लागली, बँका अडकल्या, सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स या अमेरिकेतल्या मोठ्या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केली, हे झालं फायनान्शियल संकट. मग कर्ज मिळेना म्हणून कारखाने थंडावले, नोकऱ्या गेल्या, देशादेशांतला व्यापार आटला, आणि ज्यांनी आयुष्यात शेअर बघितला नव्हता त्यांच्याही चुलीपर्यंत ते पोचलं, तेव्हा ते इकॉनॉमिक संकट झालं.

मला सगळ्यात पटणारं उदाहरण मात्र समुद्राचं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 1982 च्या सागरी कायद्याच्या करारात एक्सक्लुझिव्ह इकॉनॉमिक झोन आहे, म्हणजे किनाऱ्यापासून जास्तीत जास्त 200 सागरी मैलांपर्यंतचा समुद्राचा पट्टा. तिथले मासे, तळाखालचं तेल आणि गॅस, वाऱ्यालाटांपासून वीज, यावर त्या किनाऱ्याच्या देशाचा हक्क, पण दुसऱ्या देशाचं जहाज तिथून खुशाल जाऊ शकतं. इथे पैशाचा व्यवहार कुठेच नाही, साधनसंपत्ती कोणी वापरायची एवढाच मुद्दा आहे, तरी शब्द इकॉनॉमिकच.

इकॉनॉमिकल म्हणजे काटकसरीचं, कमीत भागवणारं. कमी पेट्रोलमध्ये जास्त पळणारी गाडी इकॉनॉमिकल, तिला इकॉनॉमिक म्हणू नका. ओव्हरमागे कमी रन देणारा बॉलरसुद्धा इकॉनॉमिकल.

पण म्हणून इकॉनॉमिक म्हणजे फक्त अर्थव्यवस्थेचं, असं जे सगळीकडे शिकवतात ते अर्धवट आहे. खाणीत कोळसा शिल्लक आहे पण काढायचा खर्च विक्रीतून निघत नाही, तर ती खाण इकॉनॉमिक नाही म्हणतात, म्हणजे परवडत नाही, यात काटकसरीचा काही संबंध नाही.

अजून एक, इकॉनॉमिकल विथ द ट्रुथ असं वाचलं तर गोंधळू नका. 1986 मध्ये ब्रिटनचे कॅबिनेट सेक्रेटरी रॉबर्ट आर्मस्ट्राँग ऑस्ट्रेलियातल्या कोर्टात या अर्थाचं बोलले आणि ते फार गाजलं. अर्थ असा की थेट खोटं नाही, पण खरं हात राखून सांगितलं. तिथे इकॉनॉमिक टाकलंत तर वाक्याला काही अर्थच राहत नाही.