स्वस्तातलं मॉड्युलर किचन घेताय? आधी हे बघा

सगळे पैसे आगाऊ देऊ नका, सवलत कितीही मोठी असो. थोडी अनामत, माल घरी आल्यावर मोजून पुढचा हप्ता, आणि शेवटचा हप्ता सगळी दारं-ड्रॉवर नीट बसल्यावरच. खातं कंपनीच्या नावाचं आहे ना, ते बघा. कुणाच्या वैयक्तिक खात्यावर पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा. शक्य असेल तर क्रेडिट कार्ड वापरा, माल आलाच नाही तर बँकेकडे दाद मागता येते.

शोरूममधल्या किचनच्या चकचकीत दारांना भुलू नका. सिंकखालच्या कपाटाला जो बोर्ड वापरणार त्याचा तुकडा मागा आणि त्याची कापलेली कड बघा. पार्टिकल बोर्डमध्ये भुसा दाबल्यासारखे कण दिसतात, प्लायमध्ये थर. कडेची पट्टी नखाने उचकटत असेल तर तिथूनच पाणी शिरणार आणि बोर्ड फुगणार. माझ्या पहिल्या किचनचं नेमकं हेच झालं, फार जीव हळहळला.

कोटेशनमध्ये बोर्डाचा प्रकार, जाडी, बिजागऱ्यांची कंपनी, वाहतूक, फिटिंग सगळं लिहून घ्या. आणि जुनं किचन नवीन माल तपासून होईपर्यंत अजिबात काढू नका.